धर्मासाठी लढले म्हणता, मग तहात काय लिहिलं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, घाई नाही.

"जगात सगळ्यात जास्त युद्धं धर्मामुळे झाली" हे वाक्य मी महिन्यातून चार वेळा तरी वाचतो. त्याच्या खाली हमखास दुसरं वाक्य असतं, "धर्म नुसता बहाणा हो, सगळं पैशासाठी चालतं." मग दोन्हीकडची माणसं तावातावाने भिडतात, शंभर-दीडशे प्रतिक्रिया होतात, पण एखादं युद्ध नीट उलगडून बघायला कोणी बसत नाही. म्हणून आज एकच युद्ध घेतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो.

युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध, १६१८ ते १६४८. धर्मयुद्धाचं उदाहरण म्हणून याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. ख्रिस्ती धर्मातलेच दोन पंथ, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, आणि रणांगण मुख्यतः आजच्या जर्मनीत. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : हे युद्ध ऐन भरात होतं तेव्हा, १६३० साली, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. ते संपलं तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या युद्धात कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे बहुतेक वेळा मुलूख, गादी आणि जकात यांनी ठरवलं. पण ते थांबवता येत होतं तेव्हा थांबलं नाही, याला धर्माच्या नावाने घेतलेला एक निर्णय मोठ्या प्रमाणात कारण झाला. आता हे कसं, ते बघू.

सुरुवात प्रागमध्ये झाली. प्राग ही बोहेमियाची राजधानी, म्हणजे आजच्या चेक देशाची. तिथल्या प्रोटेस्टंट लोकांना १६०९ साली बादशहाने लेखी सनद दिली होती, आपल्या पद्धतीने उपासना करायची मुभा दिली होती. पुढे दोन गावांतल्या प्रोटेस्टंट चर्चवरून तंटा पेटला. एक बंद करायला लावलं, दुसरं पाडलं. सरकारचं म्हणणं, ती जमीन कॅथलिक मठाची. लोकांचं म्हणणं, सनद मोडली. २३ मे १६१८ रोजी चिडलेले सरदार प्रागच्या किल्ल्यात घुसले आणि राजाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणीसाला उचलून खिडकीतून खाली फेकलं. तिघेही वाचले! कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले म्हणून वाचले. एकाच घटनेच्या दोन बातम्या तेव्हाही होत्या, व्हॉट्सॲप नव्हतं एवढंच.

इथपर्यंत मामला धर्माचाच दिसतो. पण आता जरा आत शिरू.

तेव्हाच्या जर्मनीत शेकडो लहानमोठी राज्यं होती आणि त्या सगळ्यांवर एक बादशहा होता. बादशाही वारशाने मिळायची नाही, सात जण मत देऊन बादशहा निवडायचे. त्यात तीन कॅथलिक आर्चबिशप, तीन प्रोटेस्टंट राजे आणि सातवा बोहेमियाचा राजा. म्हणजे बोहेमियाची गादी प्रोटेस्टंट माणसाकडे गेली तर हिशोब चार विरुद्ध तीन! हॅब्सबर्ग घराणं पिढ्यान् पिढ्या बादशाही धरून बसलं होतं, ती हातची जायची वेळ. आणि १६१९ साली बोहेमियाच्या सरदारांनी नेमकं तेच केलं. हॅब्सबर्ग फर्डिनांडला गादीवरून काढलं आणि पॅलटिनेटचा तरुण प्रोटेस्टंट राजा फ्रेडरिक याला बोलावून राज्याभिषेक केला.

आता सगळ्या प्रोटेस्टंटांनी फ्रेडरिकच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं ना? पण सॅक्सनीचा राजा, ल्यूथरच्या पंथाचा मोठा आधार मानला जाणारा, बादशहा फर्डिनांडच्या बाजूने लढला. मोबदला म्हणून लुसेशिया हा प्रांत त्याला गहाण मिळाला. बव्हेरियाचा मॅक्सिमिलियन कॅथलिक, तोही बादशहाला मदत करून मोकळा झाला नाही. फ्रेडरिककडून काढून घेतलेला मताधिकार १६२३ साली त्याने आपल्या पदरात पाडून घेतला.

नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळ व्हाइट माउंटनच्या टेकडीवर लढाई झाली, ती एका दिवसात आटपली. पुढच्या जूनमध्ये प्रागच्या भर चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना देहदंड दिला. या सत्तावीसांत एक कॅथलिकही होता! गुन्हा बंडाचा होता. मग सुरू झाल्या जप्त्या. बोहेमियातल्या जमिनी इतक्या मोठ्या प्रमाणावर मालक बदलत्या झाल्या की जुना सरदारवर्गच मोडून पडला. वॉलनस्टाइन नावाच्या सरदाराने जप्तीच्या जमिनी स्वस्तात घेतल्या आणि बघता बघता तो साम्राज्यातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक झाला. हा जन्माने प्रोटेस्टंट, नंतर कॅथलिक झालेला. त्याने बादशहासाठी फौज उभी केली आणि तिचा खर्च ज्या मुलखात ती मुक्कामाला असेल त्या मुलखावर टाकला. मराठेशाहीच्या कागदांत घासदाणा वसूल करायचे उल्लेख येतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे शत्रूच्या मुलखाबरोबर मित्राच्या मुलखालाही सोडलं नाही.

मधल्या काळात डेन्मार्कचा राजा प्रोटेस्टंटांचा कैवारी म्हणून उतरला, हरला आणि १६२९ साली तह करून घरी गेला.

आता इथे थांबा, कारण माझ्या मते या गोष्टीचा कणा इथे आहे. १६२९ साली बादशहा फर्डिनांड सगळीकडे जिंकलेला होता. बोहेमिया ताब्यात, डेन्मार्क गप्प, सॅक्सनीसारखे प्रोटेस्टंट राजे त्याच्याशी राजनिष्ठ. युद्ध अकरा वर्षांत संपवता आलं असतं. पण त्याच साली त्याने फर्मान काढलं की १५५२ नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची सगळी मालमत्ता, मठ आणि बिशपांच्या जहागिरी कॅथलिकांना परत करा. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचे व्यवहार एका कागदाने रद्द! या काळात तिथे दोन-तीन पिढ्या जन्मल्या, मेल्या, शेतं कसली गेली, शाळा निघाल्या. खुद्द वॉलनस्टाइनला हे फर्मान पसंत नव्हतं. पण बादशहाच्या कानाशी असलेला जेझुइट पाद्री लामोर्मेनी म्हणत होता की हा विजय देवाने दिलाय, त्याचं चीज करा.

फर्डिनांड ढोंगी नव्हता, बरं का. तो खरोखर भाविक होता आणि गोची तिथेच झाली. लबाड माणसाने अर्धी भाकरी घेऊन तह केला असता. ज्याला वाटतं की अर्ध्यावर तडजोड केली तर आपल्याला देवापुढे जाब द्यावा लागेल, तो तह कसा करणार? मुलूख वाटता येतो, जकात वाटता येते, पाप-पुण्य कसं वाटायचं?

परिणाम लगेच दिसला. जे प्रोटेस्टंट राजे गप्प होते त्यांच्याही पायाखालची जमीन सरकली. आणि १६३० च्या उन्हाळ्यात स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ फौज घेऊन जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर उतरला. प्रोटेस्टंटांचा तारणहार म्हणून त्याची चित्रं छापली गेली. आता या तारणहाराला पैसा कोणी पुरवला? फ्रान्सने. फ्रान्स कॅथलिक! फ्रान्सचा कारभार बघत होता रिशलिय, जो स्वतः कॅथलिक चर्चचा कार्डिनल. जानेवारी १६३१ मध्ये करार झाला : फ्रान्सने स्वीडनला दरसाल चार लाख थेलर द्यायचे, स्वीडनने तीस हजार पायदळ आणि सहा हजार घोडदळ जर्मनीत ठेवायचं. याच रिशलियने दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचं ला रोशेल हे बंदर वेढा घालून उपाशी मारलं होतं. घरात प्रोटेस्टंटांचा काळ आणि बाहेर प्रोटेस्टंटांचा सावकार! कारण साधं होतं. फ्रान्सच्या एका बाजूला स्पेन, दुसऱ्या बाजूला जर्मनी, दोन्हीकडे हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता. हा फास सैल करायचा होता.

राजांचे हिशोब झाले, आता सामान्य माणसाचं काय झालं ते बघू. मे १६३१ मध्ये माग्डेबुर्ग हे प्रोटेस्टंट शहर बादशाही फौजेने घेतलं. लूट झाली, आग लागली आणि सुमारे पंचवीस हजारांपैकी वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. या हल्ल्यात पीटर हागेनडोर्फ नावाचा एक साधा शिपाई होता. त्याची रोजनिशी बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली आणि १९९३ मध्ये छापली गेली. तो माग्डेबुर्गला जखमी झाला आणि छावणीत पडून राहिला. त्याची बायको जळत्या शहरात शिरली आणि नवऱ्यासाठी अंथरूण आणि दारू घेऊन आली. दोन वर्षांनी हा शिपाई स्वीडिश फौजेच्या हाती सापडला आणि त्यांच्याकडून लढू लागला. १६३४ च्या नॉर्डलिंगेनच्या लढाईनंतर परत जुन्या पलटणीत आला. कॅथलिकांकडून प्रोटेस्टंटांकडे आणि पुन्हा कॅथलिकांकडे, पण रोजनिशीत याचा मोठा धर्मसंकट म्हणून गाजावाजा नाही. कुठे भाकरी मिळाली, कुठे मुक्काम पडला, कुठलं मूल गेलं, अशा नोंदी आहेत. त्याची बहुतेक मुलं लहानपणीच दगावली. हजारो कोस चाललेला हा माणूस कशासाठी लढला, असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच : पगारासाठी, आणि तोही वेळेवर मिळत नव्हता.

१६३५ साली प्रागमध्ये तह झाला. बादशहाने ते १६२९ चं फर्मान चाळीस वर्षांसाठी बाजूला ठेवलं, म्हणजे व्यवहारात सोडूनच दिलं. सॅक्सनी आणि पाठोपाठ बरेच प्रोटेस्टंट राजे बादशहाकडे परतले. ज्यावरून आग भडकली ते कारण जवळपास मिटलं. मग युद्ध थांबलं का? नाही! त्याच साली फ्रान्स उघडपणे मैदानात उतरला, कॅथलिक स्पेनविरुद्ध. पुढची तेरा वर्षं कॅथलिक फ्रान्स आणि प्रोटेस्टंट स्वीडन एका बाजूला, कॅथलिक बादशहा आणि कॅथलिक स्पेन दुसऱ्या बाजूला. मध्येच १६४३ मध्ये स्वीडनने डेन्मार्कवर हल्ला केला. दोघेही एकाच ल्यूथर पंथाचे. भांडण होतं बाल्टिक समुद्रातल्या वर्चस्वाचं आणि सामुद्रधुनीत डेन्मार्क वसूल करत असलेल्या जकातीचं.

दारं-खिडक्या उघडून एकदा पाहुण्यांना आत घेतलं की यजमानाने "आता पुरे" म्हणून भागत नाही. पाहुणे आपला वाटा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

या युद्धाची झळ आपल्या कोकणापर्यंत आली होती. पोर्तुगालची गादी १५८० पासून स्पेनच्या हॅब्सबर्ग राजाकडे होती. हॉलंडचे डच स्पेनशी स्वातंत्र्यासाठी लढत होते, त्यामुळे पोर्तुगीजांचा गोवाही त्यांच्या दृष्टीने शत्रूचा. १६३६ पासून १६४४ पर्यंत डच जहाजं पावसाळा संपला की गोव्याच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करायची. १६३७ मध्ये डचांनी विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत. म्हणजे प्रोटेस्टंट डच, मुसलमान आदिलशहाच्या मुलखात तळ देऊन, कॅथलिक पोर्तुगीजांची कोंडी करत होते. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला, १६४१ मध्ये डच-पोर्तुगीज युद्धबंदीचा कागदही झाला. तरी इकडच्या समुद्रात डच कंपनी १६४४ पर्यंत लढत राहिली, कारण सिलोनच्या दालचिनीच्या मुलखाचा वाद सुटला नव्हता. दालचिनीला पंथ नसतो.

अखेर १६४८ चा ऑक्टोबर. वेस्टफालियाचा तह. बोलणी म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक अशा दोन गावांत वर्षानुवर्षं चालली होती आणि बोलणी चालू असताना लढाईही चालू होती. त्या वर्षीच्या जुलैत स्वीडिश फौजेने प्रागचा नदीपलीकडचा भाग घेतला आणि बादशाही संग्रहातली चित्रं-मूर्ती गाड्या भरून नेली. जिथे सुरुवात झाली तिथेच शेवटची लूट.

तहात काय लिहिलं? स्वीडनला बाल्टिक किनाऱ्यावरचा पश्चिम पोमेरेनिया, विस्मार बंदर, ब्रेमेन आणि फेर्डेन हे प्रदेश, वर फौजेला घरी पाठवण्यासाठी पन्नास लाख थेलर. फ्रान्सला अल्सासमधले हक्क आणि मेट्झ, तूल, व्हर्दं ही तीन ठिकाणं. बव्हेरियाचा मताधिकार कायम आणि फ्रेडरिकच्या मुलासाठी आठवा मताधिकार नव्याने तयार केला.

आणि धर्माचं काय? तर १ जानेवारी १६२४ ही तारीख धरली. त्या दिवशी जे चर्च, जो मठ ज्या पंथाकडे होता तो त्याच्याकडेच राहील. कोणाचा देव खरा, याचा निकाल कोणी दिला नाही. साम्राज्याच्या सभेत धर्माचा विषय आला तर बहुमताने ठरवायचं नाही, दोन्ही पंथांच्या लोकांनी वेगवेगळं बसून सहमतीने सोडवायचा, असंही ठरलं. औग्सबुर्ग शहरात तर सगळ्या सरकारी जागा दोन्ही पंथांत निम्म्या-निम्म्या वाटल्या. पोपने या तहाचा निषेध केला. कॅथलिक राजांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला.

तीस वर्षं, आणि उत्तर काय तर एक तारीख! जर्मन मुलखातली किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. काही अभ्यासक लोकसंख्येची घट पंधरा-वीस टक्के धरतात, काही एक तृतीयांशपर्यंत जातात. त्यातली बहुतेक माणसं रणांगणावर मेली नाहीत. फौजांनी धान्य नेलं म्हणून उपासमारीने आणि फौजांबरोबर आलेल्या प्लेगने मेली.

म्हणून कोणी मला सांगितलं की अमुक युद्ध धर्मासाठी झालं, तर मी तीन प्रश्न विचारतो. एक, कोण कोणाच्या बाजूने होतं? एकाच धर्माचे लोक दोन्हीकडे दिसले तर थांबून विचार करायचा. पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता, हे आपल्याला माहीत आहेच. दोन, पैसा कोणी पुरवला? तीन, शेवटच्या तहात काय लिहिलं? भाषणात सगळे देव-धर्म सांगतात. तहात गावं, बंदरं आणि रकमा असतात.

पण हे तीन प्रश्न विचारून "बघा, धर्म नुसता बहाणा" असं म्हणून मी मोकळा होत नाही. १६२९ चं ते फर्मान तसं म्हणू देत नाही. प्रागमधली गर्दी खरंच चिडली होती, फर्डिनांडची श्रद्धा खरी होती. श्रद्धा खरी असते म्हणूनच तिच्यावर फौज उभी राहते, आणि राज्यकर्त्याने तिला तहाच्या आड उभी केली की मग कोणालाच माघार घेता येत नाही.

त्यामुळे चौथा प्रश्न मी आजच्या काळासाठी राखून ठेवतो. टीव्हीवर असो, सभेत असो की आपल्या गावच्या पारावर, "आता तडजोड म्हणजे पाप" असं कोणी म्हणालं, की मी त्याला विचारतो : युद्ध लांबलं तर तुझं स्वतःचं काय जाणार आहे? तुझं शेत? तुझा पोरगा? की दुसऱ्याचा?

उत्तर ऐकून घ्या. आणि १६२४ सारखी एखादी तारीख आपल्याला आजच, माणसं मरायच्या आधी, ठरवता येते का, यावर जरा बोला. खाली लिहा, मी वाचतोय. मात्र भाषा जपून वापरा, आपण सगळे एकाच गावचे आहोत.